डूलॉखची वाट

युरोप खंडाच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागराच्या कुशीत, आयर्लंड नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८४,००० चौरस किलोमीटर; म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडेसे अधिक. बेटाचा ईशान्येकडील लहान भाग ब्रिटनच्या राज्यात मोडतो. उरलेला मोठा भाग १९२२ साली स्वतंत्र झाला. महासागरावरून येणारे वारे या भूमीवर बाराही महिने पाऊस शिंपीत असतात. हा पाऊस आपल्या मृगाच्या पावसासारखा गर्जत येत नाही. तो भुरभुर येतो, क्षणभर थांबतो, उन्हाची तिरीप दिसते न दिसते तोच पुन्हा येतो. त्यामुळे तेथील कुरणे सदैव हिरवी राहतात. 'पाचूचे बेट' हे नाव या भूमीस पडले आहे, ते उगीच नव्हे.

हे पाचूचे बेट मोटारीने पाहावे, असे आम्ही चौघांनी ठरविले. आमच्यापैकी एक जण शेतकीचा विद्यार्थी होता. त्याचे घर पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर. पिढ्यान् पिढ्या बटाटा पिकविणारे त्याचे कुटुंब. दुसरी आमची मैत्रीण डब्लिनच्या एका रुग्णालयात डॉक्टर होती. तिसरा मित्र आयरिश. गॉलवे शहरातील शाळेत तो मुलांना इतिहास शिकवीत असे. चौथा मी. मे महिन्यातील एका सकाळी राजधानी डब्लिन मागे टाकून आमची मोटार पश्चिमेकडे धावू लागली.

आयर्लंडमध्येही आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे शेतकरी मित्राने निर्धास्तपणे चक्र हाती घेतले. बेटाचा मध्यभाग बहुतांशी सपाट आहे. दोन्ही बाजूंस कुरणे आणि त्यांत निवांतपणे चरणाऱ्या गाई. वाटेत ॲथलोन गावापाशी शॅनन नदी लागली. ही आयर्लंडमधील सर्वांत लांब नदी. तिची लांबी सुमारे ३६० किलोमीटर. गोदावरीचे पात्र पाहिलेल्यास ती लहानच वाटावयाची. परंतु बारमाही पाण्याने ती काठोकाठ भरलेली होती.

रस्त्याच्या कडेला गावांच्या नावांच्या पाट्या होत्या. प्रत्येक पाटीवर नाव दोनदा लिहिलेले. वरच्या ओळीत आयरिश भाषेत, खालच्या ओळीत इंग्रजीत. आमचा आयरिश मित्र म्हणाला, "आमच्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा मानली आहे. परंतु घरात रोज ती बोलणारे लोक आता थोडे उरले आहेत. पश्चिम किनाऱ्यावर काही भागांत तुम्हांला केवळ आयरिश पाट्या दिसतील. त्या भागांत ती अजून नांदते आहे."

"आपल्याच देशात भाषा अशी आक्रसली कशी?" डॉक्टर मैत्रिणीने विचारले.

"त्याचे उत्तर रस्त्यातच मिळेल," एवढेच तो म्हणाला.

दुपारपूर्वी आम्ही गॉलवेस पोहोचलो. तेथून पुढे कॉनेमारा नावाचा प्रदेश सुरू होतो. येथे भूमीचे रूप पार पालटले. कुरणे संपली आणि माळरान लागले. उजव्या हातास कॉरिब सरोवराचे पाणी चमकत होते; समोर उघड्या डोंगरांच्या रांगा उभ्या होत्या. डोंगरांच्या उतरणीवर दगडी गडगे दिसत होते. कोकणातील गडग्यांप्रमाणेच हे गडगेही माती-चुन्यावाचून नुसते दगडावर दगड रचून बांधतात. दगडांमधल्या फटींतून वारा आरपार निघून जातो, म्हणून समुद्रावरील वादळातही ते टिकून राहतात. शेतातील दगड वेचून जमीन मोकळी करावयाची आणि त्याच दगडांनी तिला कुंपण घालावयाचे, अशी ही दुहेरी युक्ती.

माळावर ठिकठिकाणी काळसर मातीच्या विटांसारखे तुकडे वाळत घातले होते. दलदलीत हजारो वर्षे साचून राहिलेल्या वनस्पतींपासून ही माती बनते. तिला पीट म्हणतात. झाडे विरळ असलेल्या या भागात लोकांनी पिढ्यान् पिढ्या पीट जाळून चुली पेटविल्या आणि घरे उबदार ठेविली.

रस्ता आता इतका अरुंद झाला होता की, समोरून मोटार आली म्हणजे एकाने कडेला थांबावे लागे. प्रत्येक वेळी समोरचा चालक चक्रावरील हाताचे एक बोट किंचित उचलून आम्हांस अभिवादन करी. ओळख ना देख. पण ही रीत कोणी चुकवीत नव्हते. एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. मेंढपाळ म्हातारबोवांनी घाई केली नाही आणि आम्हीही केली नाही. मेंढरे पार झाल्यावर त्यांनीही एक बोट उचलले.

लीनॅन या खेड्यात आम्ही चहा आणि सोडा घालून भाजलेला पाव घेतला. खेड्यासमोरच किलरीची खाडी आहे. डोंगरांच्या मधून समुद्राचा एक हात सुमारे १६ किलोमीटर आत शिरला आहे. खाडीच्या अलीकडे गॉलवे परगणा, पलीकडे मेयो परगणा. पाऊस नुकताच थांबला होता आणि ढगांखालून तिरपे ऊन पलीकडच्या उतरणीवर पडले होते. त्या उन्हात आमच्या शेतकरी मित्रास काहीतरी दिसले. तो चहाचा पेला हातात धरूनच उभा राहिला.

"त्या डोंगरावर सरी-वरंबे आहेत!" तो म्हणाला.

आम्ही निरखून पाहिले. खरोखरच, गवताखाली डोंगराच्या अंगावर समांतर रेषा उमटल्या होत्या. जणू कोणी भल्या मोठ्या फणीने डोंगर विंचरला होता. रेषा पार वरपर्यंत चढल्या होत्या. तेथे आता एकही घर नव्हते. मेंढरांवाचून कोणी फिरकतही नव्हते.

"एवढ्या उभ्या चढावर कोणी शेती केली? आणि मग ती सोडून का दिली?" मित्राने विचारले.

आयरिश मित्राने पेला खाली ठेवला आणि सांगावयास सुरुवात केली.

"त्या सरी बटाट्याच्या आहेत. शेकडो वर्षे आमचा देश इंग्रजांच्या अमलाखाली होता. चांगली जमीन जमीनदारांच्या हाती होती. गरीब कुळांच्या वाट्यास डोंगरउतारावरील असे तुकडे येत. एवढ्याशा तुकड्यात सगळ्या कुटुंबाचे पोट भरील असे एकच पीक होते, ते म्हणजे बटाटा. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. गहू आणि ओट पिके, पण ती खंड भरण्यासाठी विकावी लागत. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पाने काळी पडली आणि जमिनीतील बटाटे सडून त्यांचा चिखल झाला. पुढच्या वर्षी तर बहुतेक सगळे पीक गेले."

"म्हणजे करपा!" शेतकरी मित्र हळूच म्हणाला. "आमच्या पठारावरही ढगाळ हवा आणि धुके पडले की तो येतो."

त्याचे म्हणणे अचूक होते. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे हा रोग होतो, हे त्या काळी लोकांस ठाऊक नव्हते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास प्रचारात आले. आज आपले शेतकरी ते द्राक्षबागांवर फवारतात. बटाट्याच्या करप्यावरही त्याचा उपयोग झाला. परंतु आयर्लंडसाठी तो उपाय चाळीस वर्षे उशिरा आला.

"रोग तर युरोपातील इतर देशांतही पडला होता," आयरिश मित्र पुढे म्हणाला. "पण तेथे एवढी माणसे मेली नाहीत. येथे लाखो लोक एकाच पिकावर जगत होते. आणि त्या वर्षांतही आमच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि गुरे जहाजांत भरून परदेशी जात होती. अन्न होते, पण ते विकत घेण्यास गरिबाजवळ पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८४७ च्या मार्चमध्ये त्यांवर सुमारे ७ लाख माणसे राबत होती. उपाशी माणसे खडी फोडीत आणि रस्ते करीत. मजुरी इतकी अपुरी की, तीत कुटुंबाचे पोट भरत नसे. त्यांतील काही रस्ते तर कोठेच जात नाहीत. माळावर मध्येच संपतात."

'दुष्काळी काम' आणि 'खडी फोडणे' हे शब्द ऐकताच आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लाखो स्त्रीपुरुष अशाच कामांवर राबले होते. आमच्या आजोबा-आजींनी त्या दिवसांच्या गोष्टी आम्हांस सांगितल्या होत्या. त्या दुष्काळानंतर १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. संकटात काम मिळणे हा माणसाचा हक्क आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. १८४७ सालच्या आयरिश शेतकऱ्यास मात्र असा कोणताही हक्क नव्हता.

खाडीला वळसा घालून आम्ही मेयो परगण्यात शिरलो. डेल्फी नावाच्या वस्तीपाशी काही झाडी लागली आणि तीही लवकरच मागे पडली. पुढे एक लांबट दरी उघडली. डाव्या हातास ८१४ मीटर उंचीचा म्वीलरे पर्वत, उजव्या हातास दुसरी डोंगररांग आणि मध्ये स्थिर, काळेभोर पाणी. हेच डूलॉख सरोवर. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ 'काळे सरोवर' असाच आहे. दरीत एकही घर नव्हते. वाऱ्याच्या आवाजावाचून दुसरा आवाज नव्हता. इतके सुंदर आणि इतके एकाकी स्थळ मी क्वचितच पाहिले असेल.

सरोवराच्या वरच्या अंगास, रस्त्यालगत, एक साधे दगडी स्मारक आहे. तेथे मोटार उभी करून आम्ही उतरलो. आयरिश मित्राने या दरीत घडलेली हकीकत सांगितली.

सन १८४९, मार्च महिन्याची ३० तारीख. दरीच्या पलीकडे लुईसबर्ग नावाचे गाव आहे. तेथे दुष्काळपीडितांस मदतीचे थोडे धान्य मिळत असे. ते पुढे चालू ठेवावयाचे की नाही हे ठरविण्यासाठी दोन अधिकारी त्या दिवशी गावात यावयाचे होते. शेकडो भुकेली माणसे जमून वाट पाहत राहिली. अधिकाऱ्यांनी तेथे तपासणी केली नाही. ते पुढे डेल्फीच्या बंगल्यावर मुक्कामास गेले आणि निरोप ठेविला की, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता सर्वांनी डेल्फीस हजर व्हावे. जो येणार नाही त्याचे नाव यादीतून कमी होईल. लुईसबर्गपासून डेल्फी सुमारे १९ किलोमीटर. मार्चमधील हाडे गोठविणारी थंडी, अंगावर चिंध्या, पायात काही नाही आणि पोटात अन्नाचा कण नाही. तरीही स्त्रिया, पुरुष आणि मुले रात्रभर याच दरीतून चालत राहिली. सकाळी त्यांना बाहेर थांबविण्यात आले आणि अखेरीस रिकाम्या हाती परत पाठविण्यात आले. परतीच्या वाटेवर वादळी वारा सुटला. कित्येक जणांनी वाटेतच प्राण सोडला. त्यांची प्रेते या रस्त्याच्या कडेला सापडली.

हकीकत ऐकून बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी डॉक्टर मैत्रीण म्हणाली, "उपाशी माणसास उपासाचा पुरावा देण्यासाठी रात्रभर चालावयास लावले!"

मग तिने वाकून स्मारकावरील अक्षरे वाचली आणि आम्हांस जवळ बोलाविले. दगडावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले होते. आपल्याच बांधवांची मानहानी करून माणसांना आपला सन्मान झाला असे वाटू तरी कसे शकते, असा गांधीजींचा प्रश्न त्या दगडावर आहे. भारतापासून हजारो किलोमीटर दूर, जेथे घर नाही की माणूस नाही अशा दरीत, आपल्या बापूंचे शब्द आमची वाट पाहत उभे होते. आयरिश लोकांना आपले दुःख सांगण्यासाठी ते शब्द आपलेसे वाटले. दुःखाची भाषा सर्व देशांत एकच असते, हे त्या क्षणी आम्हांस पटले.

१९८८ पासून या वाटेवर दरवर्षी एक पदयात्रा निघते. १८४९ साली चाललेल्यांची आठवण ठेवावी आणि आज जगात जे भुकेले आहेत त्यांचीही आठवण व्हावी, हा तिचा हेतू. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू या यात्रेत चालले होते.

दरी ओलांडून आम्ही लुईसबर्गवरून क्लू उपसागराच्या काठी आलो. येथे मरिस्क गावी, ७६४ मीटर उंचीच्या क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी, दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे. ते १९९७ साली उभारले गेले. जॉन बेहन या शिल्पकाराने काशाचे एक गलबत घडविले आहे. दुरून ते सामान्य गलबतासारखे दिसते. जवळ गेल्यावर ध्यानात येते की, त्याच्या डोलकाठ्यांभोवती दोरखंड नाहीत. हाडांचे सापळे आहेत. दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे जहाजांत बसून अमेरिकेकडे व इतरत्र गेली. दाटीवाटी, घाण आणि ताप यांमुळे कित्येक जण वाटेतच मेले. लोक त्या जहाजांना 'शवपेटीची जहाजे' म्हणू लागले.

"सकाळी तू विचारलेस ना, आमची भाषा कशी आक्रसली?" आयरिश मित्र डॉक्टर मैत्रिणीस म्हणाला. "आयरिश बोलणारे बहुतेक लोक याच पश्चिम भागातील गरीब शेतकरी होते. मेले ते प्रामुख्याने तेच, आणि देश सोडून गेले तेही तेच. जे उरले, त्यांनी मुलांना इंग्रजी शिकविली. कारण मुलांना उद्या जहाजात बसावयाचे आहे, हे त्यांना ठाऊक होते."

परंतु या काळोख्या इतिहासात काही दिवेही लागलेले आहेत. क्वेकर पंथाच्या लोकांनी गावोगाव लापशी शिजवून वाटली; तीही कोणाचा धर्म न विचारता. आपल्या देशातील कलकत्ता शहरातही आयर्लंडसाठी निधी गोळा झाला. सर्वांत मोलाची मदत मात्र अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी जमातीने केली. १८३१ पासून या जमातीस तिच्या मायभूमीतून हाकलून शेकडो मैल चालविण्यात आले होते आणि त्या वाटचालीत तिची हजारो माणसे मरण पावली होती. १८४७ साली, आयर्लंडमधील उपासमारीची वार्ता कानी येताच, या निर्धन लोकांनी १७० डॉलर जमवून पाठविले. रक्कम थोडी होती. परंतु भुकेल्या अवस्थेत चालणे म्हणजे काय, हे देणाऱ्यांनी स्वतः अनुभवले होते. घेणाऱ्यास त्यांनी कोणताही पुरावा मागितला नाही.

आयरिश लोकांनी ते ऋण विसरले नाही. दक्षिणेकडील मिडलटन गावात त्यांनी पोलादी पिसांचे एक उंच शिल्प उभारले आहे. गरुडाची नऊ पिसे वर्तुळात उभी असून त्यांच्यामध्ये रिकाम्या वाडग्याचा आकार तयार होतो. २०१७ साली चॉक्टॉ लोकांच्या उपस्थितीत ते अर्पण करण्यात आले. पुढे २०२० साली, कोविडच्या साथीत, अमेरिकेतील नवाहो आणि होपी या आदिवासींवर संकट कोसळले, तेव्हा आयर्लंडमधील असंख्य लोकांनी त्यांना पैसे पाठविले. जमात निराळी होती, पण १७३ वर्षांपूर्वीचे देणे फेडावयास आयरिश लोकांस तेवढा संबंध पुरेसा वाटला.

१८४१ च्या शिरगणतीत या बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसे होती. दहा वर्षांनी ती ६५ लाखांवर आली. २०२१ आणि २०२२ साली झालेल्या शिरगणतींत बेटाच्या दोन्ही भागांची लोकसंख्या मिळून ७० लाखांच्या आसपास भरली. म्हणजे पावणेदोनशे वर्षे लोटली तरी ती उणीव भरून निघालेली नाही. डोंगरांवरील ते सरी-वरंबे, माळावर मध्येच संपणारे ते रस्ते आणि पाट्यांवरील त्या दोन ओळी यांचा अर्थ यात आहे.

मुलांनो, प्रवासात भूमीचे सौंदर्य डोळे भरून जरूर पाहावे. परंतु तिच्या अंगावरील रेषाही वाचावयास शिकावे. आणि दाराशी आलेल्या भुकेल्या माणसास घास देताना तो कसा द्यावा, हे डूलॉखच्या वाटेने आणि चॉक्टॉंच्या १७० डॉलरांनी आपणांस शिकविले आहे. घास लहान असला तरी चालेल. तो देताना घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.

स्वाध्याय

१. आयर्लंडला 'पाचूचे बेट' का म्हणतात?
२. डोंगरावरील सरी-वरंबे पाहून शेतकरी मित्रास कोणते दोन प्रश्न पडले? त्यांची उत्तरे पाठाच्या आधारे लिहा.
३. "अन्न होते, पण ते विकत घेण्यास गरिबाजवळ पैसा नव्हता." या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. डेल्फीच्या अधिकाऱ्यांचे वागणे आणि चॉक्टॉ लोकांचे वागणे यांची तुलना करा.
५. आयरिश भाषा बोलणारे लोक कमी का झाले?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निर्धास्त, आक्रसणे, एकाकी, मानहानी.
७. तुमच्या गावातील वडीलधाऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली हकीकत दहा ओळींत लिहा.